डिस्कचा दिवा पेटलेला, डेस्कटॉप गोठलेला: रॅम संपली की लिनक्स असं का वागतं आणि त्यावर काय करायचं

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते कळेल.

ब्राउझरमध्ये वीसेक टॅब, एक व्हिडिओ कॉल, बाजूला लिब्रेऑफिसची फाइल. आणखी एक टॅब उघडता आणि माउसचा बाण अडखळतो. दोन सेकंदांनी एक उडी मारतो, मग दहा सेकंदांनी. वरच्या पट्टीतलं घड्याळ ४:१७ वर थांबतं. कॉलचा आवाज तुटक होतो आणि मग गप्पच. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून दुसऱ्या कन्सोलवर गेलात तर काळा पडदा येतो. त्यावर 'लॉगिन' उमटायला चार मिनिटं, आणि नाव टाकून पासवर्डची वाट बघेपर्यंत मुदत संपल्याचा संदेश. हे सगळं चालू असताना डिस्कचा दिवा मात्र सलग पेटलेला.

माझ्या ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर हे महिन्यातून दोन-तीनदा व्हायचं. एकदा हट्टाने वाट बघत बसलो. २२ मिनिटांनी संयम सुटला आणि पॉवरचं बटण दाबून धरलं. न जतन केलेली तीन पानं गेली. त्या मशीनवर स्वॅप, म्हणजे रॅममध्ये न मावणारा माल ठेवायची डिस्कवरची जागा, अजिबात नव्हता. इन्स्टॉल करताना मीच काढून टाकला होता, कारण 'एसएसडी आहे ना, मग स्वॅप कशाला' हे इतक्या जणांकडून ऐकलं होतं की ते खरंच वाटायला लागलं होतं. या लेखातली निम्मी मेहनत तो एक सल्ला पुसून काढण्यासाठी आहे.

कमांडची नावं मी इथे देवनागरीत लिहितोय. टर्मिनलमध्ये ती अर्थातच नेहमीच्या स्पेलिंगने टाका.

खरंच मेमरी संपली होती का?

गोठलेला प्रत्येक डेस्कटॉप मेमरीमुळे गोठत नाही. माउसचा बाण मजेत फिरतोय पण क्लिक कशावरच लागत नाही, डिस्क शांत आहे, दुसऱ्या मशीनवरून एसएसएचने (नेटवर्कवरून) आत शिरता येतं: असं असेल तर संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर किंवा डेस्कटॉपच्या शेलवर (पट्टी आणि खिडक्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामवर) घ्या. ताण काहीच नसताना, अगदी रिकाम्या मशीनवरही अचानक सगळं थिजत असेल तर एकदा रात्रभर 'मेमटेस्ट८६+' चालवून रॅमची पट्टी तपासा. मेमरी संपल्याचं लक्षण म्हणजे हळूहळू आवळत जाणारा फास, आणि सोबत डिस्कची अखंड धावपळ.

पुन्हा सुरू केल्यावर पहिलं काम म्हणजे मागच्या बूटचा लॉग वाचणं: 'जर्नलसीटीएल', त्याला 'के' आणि 'बी उणे १' हे पर्याय. त्यात 'आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस' अशी ओळ सापडली तर कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, शेवटी कुणाचा तरी बळी घेतला होता. गंमत अशी की अनेकदा ही ओळ नसतेच. माझ्या लॉगमध्येही नव्हती. लोक इथेच फसतात. 'ओओएम (आउट ऑफ मेमरी) नाही, म्हणजे मेमरीचा प्रश्न नाही' असा निष्कर्ष काढतात आणि पुढचे दोन आठवडे कर्नल बदलत बसतात. ओळ नसणं हाच तर या दुखण्याचा गाभा आहे, त्याकडे येतोच.

मग 'फ्री -एच'. माझ्याकडे सकाळी, साधं काम चालू असताना, असं दिसायचं: टोटल ७.६, यूज्ड ५.१, फ्री ०.३, बफ/कॅश २.२, अव्हेलेबल १.९. नवीन माणूस 'फ्री ०.३' पाहून हादरतो. तो आकडा सोडून द्या. रिकामी पडलेली रॅम लिनक्स फाइलींच्या कॅशसाठी वापरून घेतं आणि लागेल तेव्हा परत देतं. बघायचा तो 'अव्हेलेबल'. कर्नल ३.१४ पासून, म्हणजे २०१४ पासून, कर्नल स्वतःच हा अंदाज देतं. तोही अंदाजच, पण कामाचा. १.९ म्हणजे अजून जागा आहे, ०.३ वर आला की खिडक्या बंद करायला लागा.

त्याहून चांगलं मोजमाप-यंत्र कर्नल ४.२० पासून आहे आणि फार कमी जण वापरतात. 'प्रॉक' डिरेक्टरीत 'प्रेशर', त्यात 'मेमरी' नावाची फाइल. 'कॅट' करून बघा, दोनच ओळी असतात. 'सम' म्हणजे निदान एक तरी काम मेमरीसाठी अडून बसलंय, 'फुल' म्हणजे सगळीच कामं अडली आहेत. पुढचा 'एव्हीजी१०' हा आकडा गेल्या १० सेकंदांतला किती टक्के वेळ असा वाया गेला ते सांगतो. निवांत मशीनवर तो ०.०० असतो. मी एका कोपऱ्यात छोटं टर्मिनल ठेवून 'वॉच' कमांडने ही फाइल दर सेकंदाला बघत बसलो होतो आणि मुद्दाम टॅब उघडत गेलो. 'फुल' ३, मग ११, मग ३८. पुढचा आकडा दिसलाच नाही, कारण ते टर्मिनलही गोठलं.

मेमरी खाल्ली कुणी?

'एचटॉप'मध्ये आरईएस (प्रक्रियेने रॅममध्ये व्यापलेली जागा) स्तंभावर क्रम लावा, पण तिथले आकडे बेरीज करू नका. एकाच ब्राउझरच्या वीस प्रक्रियांनी एकमेकांत वाटून घेतलेली पानं (मेमरीचे छोटे तुकडे) प्रत्येकीच्या नावावर मोजली जातात. खरा वाटा हवा असेल तर 'एसमेम' चालवा आणि पीएसएस बघा, त्यात वाटलेली पानं विभागून मोजतात. फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या जागी 'अबाउट:प्रोसेसेस' टाकलं की कुठला टॅब किती खातोय ते थेट दिसतं.

प्रक्रियांच्या यादीत कधीच न दिसणारा एक खादाडही आहे: 'टीएमपी' डिरेक्टरी. फेडोरा आणि आर्च या लिनक्सच्या वितरणांवर ती बऱ्याच वर्षांपासून टीएमपीएफएस आहे, म्हणजे डिस्कवर नाहीच, मेमरीत आहे. २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ नेही तेच केलं. कमाल मर्यादा सहसा रॅमच्या निम्मी. मी एकदा ३ जीबीचा व्हिडिओ 'तात्पुरता' तिथे उतरवला आणि विसरलो. ८ जीबीतली ३ जीबी त्या फाइलखाली अडकली होती आणि मी ब्राउझरला शिव्या घालत होतो. 'फ्री'मधला 'शेअर्ड' स्तंभ अवाच्या सवा दिसला की 'डीएफ -एच' चालवून टीएमपीएफएसच्या ओळी तपासा.

कोड लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक. 'मेक -जे' पुढे आकडा न घालता चालवलंत तर ते शक्य तितकी कामं एकदम सुरू करतं. मोठ्या सी++ प्रकल्पात एकेक कंपायलर सहज एक-दीड जीबी घेतो. गणित तुम्हीच करा.

मग मेमरी संपल्यावर प्रक्रिया मारणारा कर्नलचा 'ओओएम किलर' झोपला होता का?

झोपला नव्हता, त्याला कुणी बोलावलंच नाही.

प्रोग्रामच्या मेमरीचे ढोबळमानाने दोन प्रकार. एक, प्रोग्रामने चालता चालता स्वतः तयार केलेला माल: टॅबमधला मजकूर, उघडलेली चित्रं, तुमची न जतन केलेली तीन पानं. याची प्रत डिस्कवर कुठेच नसते. दुसरी, डिस्कवरच्या फाइलींमधून वाचलेली पानं, ज्यात खुद्द प्रोग्रामचा चालवायचा कोडही येतो. ही केव्हाही टाकून देता येतात, लागली तर पुन्हा वाचता येतात.

आता जागा करायची आहे आणि स्वॅप नाही. पहिल्या प्रकाराला हात लावता येत नाही, कारण ठेवणार कुठे? मग कर्नल दुसरा प्रकार उचकटायला लागतं. फाइलींची कॅश संपली की पाळी येते चालू प्रोग्रामच्या कोडची. डेस्कटॉप शेलचा कोड टाकून दिला जातो, पुढच्याच क्षणी शेलला तोच लागतो, म्हणून तो डिस्कवरून परत आणला जातो, त्याच्यासाठी ब्राउझरचा कोड टाकला जातो, तोही लगेच लागतो. घरात माळा नाही म्हणून वर्षानुवर्षं न लागणारी ट्रंक खोलीच्या मधोमध आहे, आणि हातातलं पुस्तक दर ओळीनंतर कपाटात ठेवून परत काढावं लागतंय, असा प्रकार. डिस्कचा दिवा पेटलेला असतो तो यामुळे. स्वॅप नसतानाही डिस्क का धावतेय, या प्रश्नाचं उत्तर हेच.

आणि कर्नलच्या दृष्टीने सगळं ठीक चाललेलं असतं! मागितली की थोडी का होईना जागा मिळतेय. ओओएम किलर येतो तो जागा अजिबातच मिळेनाशी झाल्यावर. तोपर्यंत तुम्ही पॉवरचं बटण दाबलेलं असतं, म्हणून लॉगमध्ये ती ओळ नसते. ऑगस्ट २०१९ मध्ये कर्नलच्या विकासकांपुढे नेमकी हीच तक्रार आली होती: ४ जीबीचं मशीन, स्वॅप बंद, टॅब उघडत जा, सगळं गोठतं. त्यावर बरीच खडाजंगी झाली. कर्नल ६.१ मध्ये, २०२२ च्या शेवटी, कुठली पानं आधी काढायची ते ठरवणारी नवी पद्धत (एमजीएलआरयू) आली आणि परिस्थिती सुधारली. सुधारली, सुटली नाही. काही वितरणं ती आपणहून चालू ठेवतात, काही नाही. 'सिस' डिरेक्टरीतल्या 'कर्नल', 'एमएम', 'एलआरयू_जेन' मधली 'एनेबल्ड' ही फाइल बघा, शून्य सोडून काहीही असेल तर चालू आहे.

लोक काय सांगतात, आणि माझं मत

'रॅम वाढवा.' बरोबरच आहे, शक्य असेल तर वाढवा. पण रॅम मदरबोर्डला जोडूनच आलेले लॅपटॉप आता ढीगभर आहेत. शिवाय ३२ जीबीवरही एखादा बेलगाम प्रोग्राम हाच अनुभव देतो, फक्त जरा उशिरा.

'स्वॅपिनेस १० करा.' हा सल्ला इतका चिकटलाय की लोक इन्स्टॉलनंतर दात घासावेत तसं करतात. स्वॅपिनेस म्हणजे 'इतके टक्के रॅम भरली की स्वॅप सुरू' असं नाही. वर सांगितलेल्या दोन प्रकारांपैकी कुठली पानं काढणं किती महाग पडेल, याचं ते पारडं आहे. मूळ किंमत ६०, आणि कर्नल ५.८ पासून ती २०० पर्यंत नेता येते. १० केलंत तर कर्नलला तुम्ही सांगता की ट्रंक हलवू नकोस, पुस्तकच ठेव-काढ कर. फिरत्या डिस्कच्या काळात त्यात काही अर्थ होता. आज मी तो आकडा सरळ सोडून देतो, झेडरॅम (रॅममधलाच दाबून भरलेला स्वॅप, पुढे येतोच) असेल तर उलट वाढवतो.

'स्वॅपने एसएसडी मरेल.' ५०० जीबीच्या बऱ्याच एसएसडींना साधारण ३०० टीबी लिखाणाची हमी असते. रोज २० जीबी स्वॅपमध्ये लिहिलंत, जे भरपूरच झालं, तरी तिथवर पोचायला ४० वर्षं लागतील. स्वस्तातल्या डिस्कना हमी कमी असते हे खरं, पण तुमची पाच माणसांइतकी मेमरी खाणारी सवय नसेल तर झोप उडवून घेऊ नका.

'१६ जीबी स्वॅप द्या, प्रश्नच मिटेल.' इथे मी थोडा अडतो. भला मोठा डिस्कवरचा स्वॅप म्हणजे मरण पुढे ढकलणं. सगळं भरेपर्यंत मशीन रांगतच राहतं. मला ४ जीबी पुरे वाटतो.

मी काय केलं

तीन गोष्टी, आणि यातल्या पहिल्या दोन जोडीनेच चालतात.

पहिली झेडरॅम. रॅमचाच एक भाग दाबून भरलेला स्वॅप म्हणून वापरायचा. सामान्य डेस्कटॉपवरची पानं दोन-तीन पट दबतात, त्यामुळे ३ जीबीचा माल एक-दीड जीबीत मावतो आणि डिस्कला हातही लागत नाही. फेडोरा ३३ पासून, २०२० पासून, तिथे हे आपोआप मिळतं. इतरत्र 'झेडरॅम-जनरेटर' हे पॅकेज टाका (डेबियन आणि उबुंटूवर नावाआधी 'सिस्टमडी' लागतं). 'इटीसी' मधल्या 'सिस्टमडी' डिरेक्टरीत 'झेडरॅम-जनरेटर डॉट कॉन्फ' ही फाइल, तिच्यात चौकटी कंसात 'झेडरॅम०' आणि खालच्या ओळीत 'झेडरॅम-साइझ' बरोबर 'मिन(रॅम, ८१९२)'. रीबूट करून 'स्वॅपऑन'ला 'शो' पर्याय लावून बघा, यादीत झेडरॅम दिसायला हवा आणि त्याची प्रायॉरिटी डिस्कवरच्या स्वॅपपेक्षा जास्त हवी. मग स्वॅपिनेस १०० च्या पुढे न्या. पॉप ओएस तर १८० ठेवतं.

आर्च वापरत असाल तर तिथल्या कर्नलमध्ये झेडस्वॅप (डिस्कवरच्या स्वॅपकडे जाणारी पानं आधी रॅममध्येच दाबून ठेवणारी सोय) आधीच चालू असतं. दोन्ही एकत्र ठेवलंत तर झेडरॅमच्या आधीच झेडस्वॅप पानं अडवतं आणि तुम्हाला कळतच नाही कोण काम करतंय. बूटच्या पर्यायांत 'झेडस्वॅप डॉट एनेबल्ड' शून्य करा. आणि झेडरॅममध्ये हायबरनेट होत नाही, लॅपटॉपचा वीजपुरवठा तुटला की रॅम गेलीच. हायबरनेट लागत असेल तर खरा स्वॅप ठेवा आणि झेडरॅमऐवजी झेडस्वॅपच वापरा, तो त्या जोडीला जास्त शोभतो.

दुसरी, वेळेवर कुणाला तरी मारणारा पहारेकरी. मी 'अर्लीऊम' निवडला. पॅकेज टाका, सेवा चालू करा, झालं. उपलब्ध मेमरी आणि मोकळा स्वॅप दोन्ही १० टक्क्यांखाली गेले की तो सर्वांत फुगलेल्या प्रक्रियेला सभ्यपणे बंद व्हायला सांगतो, ५ टक्क्यांखाली गेले की थेट मारतो. 'दोन्ही' या शब्दावर बोट ठेवा. १६ जीबी स्वॅप असेल तर तो भरत येईपर्यंत पहारेकरी हातावर हात ठेवून बसणार, म्हणूनच स्वॅप आटोपशीर हवा असं म्हणतोय. क्रोमियमच्या घराण्यातले ब्राउझर आपल्या टॅबना मुद्दाम 'आधी मला मारा' असा गुण देऊन ठेवतात, त्यामुळे पहिला बळी बहुतेक वेळा एखादा टॅब असतो. रीलोड केला की परत. 'अव्हॉइड' पर्यायात डेस्कटॉप शेल आणि तुमचं लिहिण्याचं साधन यांची नावं घालून ठेवा.

तुमच्याकडे 'सिस्टमडी-ऊमडी' आधीच असू शकतो. फेडोरा ३४ आणि उबुंटू २२.०४ पासून तो येतो. तो मघाशी सांगितलेला प्रेशरचा आकडा वाचतो, ही गोष्ट उत्तम. पण तो एकट्या प्रक्रियेला मारत नाही, अख्खा गट उडवतो. उबुंटू २२.०४ नवीन असताना 'माझा ब्राउझर आपोआप बंद होतो, क्रॅशचा मागमूस नाही' अशा तक्रारींचा पाऊस पडला होता, त्याचं कारण हेच. तुमचंही तसंच होत असेल तर लॉगमध्ये 'ऊमडी' शोधा. दोन्ही पहारेकरी एकत्र ठेवू नका.

तिसरी गोष्ट, माजोरड्या कामाला दावं. बिल्ड किंवा मोठा डेटा चघळणारी स्क्रिप्ट मी आता 'सिस्टमडी-रन'मधून सुरू करतो: 'यूजर', 'स्कोप', आणि '-पी' पुढे 'मेमरीहाय' बरोबर ३जी, 'मेमरीमॅक्स' बरोबर ४जी. ३ जीबी ओलांडली की त्या कामाचा वेग कापला जातो, ४ वर तेच मरतं. बाकीच्या डेस्कटॉपला त्याची झळ लागत नाही. एवढ्या सोप्या गोष्टीचा इतका उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

आत्ता, या क्षणी गोठलंय

ऑल्ट, एसवायएसआरक्यू (बहुतेक प्रिंट स्क्रीनचीच कळ, लॅपटॉपवर कधीकधी एफएनसोबत) आणि एफ. याने ओओएम किलर हाताने बोलावला जातो. पॉवरचं बटण दाबण्याआधी हे करा. अडचण एकच: बहुतेक वितरणांत ही कळ बंद असते. 'कर्नल डॉट एसवायएसआरक्यू' ही बेरजेची किंमत आहे, आणि प्रक्रिया मारण्याचा हक्क म्हणजे ६४. उबुंटूवर ती १७६ असते, त्यात ६४ नाही; २४० करा. डेबियनवर ४३८ ची ५०२. फेडोरा, आर्चवर १६ ची ८०. 'सिससीटीएल डॉट डी' डिरेक्टरीत एक ओळ लिहून ठेवली की पुन्हा बघायला नको. चारचौघांच्या हाताखालच्या मशीनवर मात्र ही कळ उघडी ठेवू नका, कीबोर्डपाशी बसलेल्या कुणालाही ती चालते.

हे सगळं करूनही पेन ड्राइव्हवर कॉपी करताना अडखळतं?

ते वेगळं दुखणं. लिहायचा डेटा आधी रॅममध्ये साठतो, उपलब्ध मेमरीच्या २० टक्क्यांपर्यंत. १६ जीबीच्या मशीनवर ते २-३ जीबी होतं, आणि सेकंदाला ८ एमबी लिहिणाऱ्या पेन ड्राइव्हला ते रिकामं करायला पाच-सहा मिनिटं लागतात. कॉपीची पट्टी १०० टक्के दाखवते, पण ड्राइव्ह काढू देत नाही, आणि मध्येच इतर प्रोग्रामही लिहायला थांबतात. 'व्हीएम डॉट डर्टी_बाइट्स' २५६ एमबी आणि 'डर्टी_बॅकग्राउंड_बाइट्स' ६४ एमबीवर आणा, दोन्ही आकडे बाइटमध्ये लिहायचे. कॉपीची पट्टी आता हळू सरकते, पण निदान खरं बोलते.